आजपावेतो

शिरोड्याच्या बाजारात सकाळी नऊला
काजूबीचा भाव खडूने फळीवर चढतो.
मी तो वहीत उतरवून घेतो. शेजारच्या रकान्यात सरासरी.
म्हापणकर शेटच्या कारखान्यात माझं काम एवढंच.

करार एकच, द्रुपदा गावड्यांचा.
आठ पोती बी आमच्या माळ्यावर, तिच्या नावाची.
नववं पोतं हक्काची किंमत म्हणून
पहिल्याच दिवशी शेटच्या नावावर.
हक्क असा:
साठ दिवसांत कधीही तिने यावं, म्हणावं, "थांबय",
आणि शेटने बी घ्यावी
त्या दिवसाच्या भावाने नव्हे,
पहिल्या दिवसापासून आजपावेतोच्या सरासरीने.
साठ उलटले की कागद नुसता कागद.

शेट म्हणाला होता, "एका दिवसाचा भाव मीसुद्धा हलवीन,
चार टेम्पो दारात उभे करून.
साठ दिवस कोण हलवील?
म्हणून एका पोत्यात दिला. एरवी दोन मागितली असती."

एकशे अठरा. एकशे चोवीस. परत एकशे अठरा.
सरासरी एकशे वीस, म्हणजे हक्कात किलोमागे दोन रुपये.
मधला भाव एकशे बारा असता,
तरी तिसऱ्या सकाळी फळीवर एकशे अठराच,
पण हक्काची मूठ रिकामी.
फळीला कालचं आठवत नाही,
फडक्याने पुसते.
वही विसरत नाही.

रात्री मी कागदावर फाटे काढत बसलो,
भाव वर गेला तर, खाली गेला तर.
दोन फाटे एकाच भावाशी येऊन भेटायचे
आणि मला त्यांची गाठ मारता येईना,
कारण प्रत्येकाच्या पाठीवर त्याची वेगळी सरासरी.
पाचव्या दिवशी बत्तीस फांद्या. कागद संपला.

द्रुपदाबाईंनी तो कागद उलटा धरून पाहिला.
"हयसून नको. साठाव्या दिसापासून मागे ये.
त्या दिसाक इचार नसता,
जास्त मिळता तर घे, नाय तर सोड.
एकोणसाठाव्याक एकच इचार:
आज घेव, की उद्याची वाट बघू?
मगे अठ्ठावनावो."
आरोंद्याच्या खाडीत तिसऱ्या काढण्यात जन्म गेलेली बाई.
भरती किती वाजता पायांशी येईल ते आधी धरते,
मग ठरवते
किती आत जायचं.

चाळीस दिवसांत सरासरी एकशे बावीसवर
ओल्या मिठाच्या गोणीसारखी बसली.
एक्केचाळिसाव्याला भाव धाडकन एकशे दोन.
सरासरी हलली जेमतेम अर्धा रुपया.
पहिल्या आठवड्यात हीच घसरण
तिला फरफटत घेऊन गेली असती.

किलोमागे साडेएकोणीस.
मी वही पुढे केली. ती वहीकडे बघेना.
माळ्यावर चढली, पोत्यात हात घातला,
एक बी कानाशी नेऊन हलवली.
आतला गर खुळखुळला.
"सुकता हा. वजन जाता."
खालून लॉरीचा हॉर्न, कोणीतरी शिव्या देतंय.
"भाव आजून पडात," मी म्हणालो.
"पडात. चडात पण. चडलो तर माझा मधला खाईत."
थोडा वेळ ती शिडीवरच उभी.
मग उतरली, चपला शोधल्या,
आणि चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता,
"थांबय."

करार मिटला तरी दुसरा रकाना मी भरत राहिलो.
शेटने विचारलं, कशाला? म्हटलं, सवय.
पन्नासाव्या सकाळी फरक तेवीसवर गेला होता.
साठाव्याला नऊ.

बाजारात भेटते. टोपलीत तिसऱ्या, वर ओलं फडकं.
विचारते, "आज किती?"
मी फळीकडे बोट दाखवतो.